सावकाश

बाबा सगळंच सावकाश करायचे.
दाढी. बुटांच्या नाड्या. बटाटे सोलणं.
आई म्हणायची, बोगुमिल, आता सुपावर बर्फ धरेल,
पोरं येतील घसरायला.

झ्गिएशच्या रंगकारखान्यात मात्र घाई.
पिंपातली करडी पूड फावड्यानं उपसायची,
नाकावर ओला रुमाल, तोही आईच्या जुन्या पोलक्याचा.
पाळी सुटली की प्रत्येकाला अर्धा लिटर दूध,
विषाला उतारा म्हणून, शिक्का मारलेलं.
बाबा ते पीत नसत. घरी आणत.
मी त्या दुधावर वाढले.

नदी आज कुठल्या रंगाची, त्यावरून कळायचं
कुठला विभाग चालू आहे.
उशीचा अभ्रा कितीही उकळा, पिवळा तो पिवळाच.
जानेवारीत मागच्या भिंतीशी
पुरुष रांगेनं बर्फावर लघवीला उभे राहत
आणि हसत: माझी बघ नारिंगी!

लाल उतरली तीस वर्षांनी.
दुखलं नाही काहीच,
म्हणून आईला सांगितलं ते सात आठवड्यांनी.

डॉक्टर शिमचाक मला म्हणाल्या,
पेशीला ‘थांब’ सांगणारा एक जनुक असतो.
त्यात एकच अक्षर बदललंय.
‘थांब’चं ‘लांब’ झालंय, असं समजा.
पेशी बिचारी आज्ञाधारक,
लांबत गेली.

आणि यकृत? ते काही जणांचं जन्मतःच मंद.
आलेलं विष निकामी करायला वेळ लावतं,
तोवर ते मूत्राशयात जाऊन बसतं.
कदाचित, असंही त्या म्हणाल्या. दोनदा.

भरपाईच्या कचेरीत विचारलं,
सिगारेट ओढायचे का?
हो. दिवसाला चार.
साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.
अक्षर कुणी खोडलं, धुरानं की पुडीनं,
ते अक्षरावर लिहिलेलं नसतं.
कारखान्याचं हजेरीपुस्तकही सापडत नाही.
भिंत आहे अजून, मागची.

परवा माझंही रक्त तपासलं.
यकृत बाबांचंच.
मी कुणाला काही बोलले नाही,
बटाटे घेऊन बसले खिडकीशी.
साल न तुटता
लांबत गेली, लांबत गेली,
पार जमिनीपर्यंत.
सूप निवलं. निवू दे.