कुठल्या वेळचा डोळा

लाउशाच्या चढावरचं शेवटचं घर आमचं.
दाराशी पाटी नाही. ज्यांना यायचं असतं
ते एक डोळा झाकून, पत्ता विचारत येतात.

विब्के टॅमसेन आली ती नोव्हेंबरात,
उत्तरेच्या बेटावरून, एक बोट, चार गाड्या बदलून.
दोर तुटून लागला, म्हणाली,
बस चुकली म्हणावं तशी.
डावा गेला. उजवा मी खिडकीशी नेला
आणि वहीत लिहिलं: राखाडी, कडेला गडद,
बाहुलीभोवती गंजाची बारीक किनार.

नवरा मागे टोपी कुरवाळत बसलेला. मोमं त्याचं नाव.
"राखाडी?" तो म्हणाला. "हिरवे आहेत हिचे डोळे.
एकोणीस वर्षं बघतोय मी."
तिनं पर्समधून पासपोर्ट काढला. त्यात निळे.
सरकारचं निळं, नवऱ्याचं हिरवं, माझ्या वहीचं राखाडी.
तिला विचारलं, तर म्हणाली,
मला काय ठाऊक,
मी तर आतून बघते.

मग मी सांगितलं ते माझ्या बापाचं सांगणं,
मी बारा वर्षांचा, भट्टीशी भाजत उभा असतानाचं,
की निळ्या डोळ्यात निळं काही नसतंच.
चिमूटभरसुद्धा नाही.
मागे काळोखाचा पातळ पडदा,
पुढे धुक्यासारखे धागे,
उजेड त्यांत शिरतो, ठेचकाळतो,
आणि त्यातला निळा तेवढा माघारी फिरतो.
आभाळाचंही तेच. आभाळ खरवडून
कुणाच्या नखात कधी रंग आलाय?

चार पिवळट कण मध्ये पडले की तोच निळा हिरवा भासतो.
अंधारात बाहुली फुगते, धागे कडेला दाटतात,
आणि आपण ज्याला रंग म्हणतो
तो आखडून बसतो कोपऱ्यात.
रडून पांढरं लाल झालं
की शेजारचं हिरवं उठून दिसतं.
"घरी हिरवा स्वेटर घालत असतील," मी मोमंला म्हणालो,
सहज, काहीतरी बोलायचं म्हणून.
"हिरवा नाहीये माझ्याकडे," ती म्हणाली.
"आणि हा माझ्याकडे नीट बघतो
ते भांडण संपल्यावर."

टोपी थांबली.
पुढे बराच वेळ भट्टी एकटी बोलत होती.

माझी गोची निराळी.
काचेला खराखुरा निळा लागतो,
कोबाल्ट, दळलेला, काट्यावर मोजलेला.
तिच्यात ओतलं ते ओतलं;
ती स्वेटर बघून बदलत नाही, रडून तर नाहीच.
बाहुलीसुद्धा एकाच मापाची.
मी मध्यम करतो, ना दुपारची ना रात्रीची,
म्हणजे दोन्ही वेळा थोडी चुकलेली.
चाळीस वर्षं झाली या चुकण्याला.

"तेव्हा सांगा," म्हटलं, "कुठल्या वेळचा डोळा करू?"

मोमंनं तोंड उघडलं आणि मिटलं.
ती म्हणाली: "पहाटे पावणेसहाला मी चहा ठेवते,
हा झोपलेला असतो.
बाहेर काळोख, त्यामुळे खिडकीत मीच दिसते.
तेव्हाचा करा."
"पण खिडकीत रंग कळतो का?"
"नाही कळत," ती म्हणाली. "तुम्हाला कळेल म्हणून तर आले."

दुपारभर मी दिव्याशी बसलो.
एक डोळा फार शहाणा झाला, तो मोडला.
दुसरा बसला. तिनं आरशात पाहिलं,
मान तिरकी केली, सरळ केली,
आणि किती झाले ते विचारलं.

बाहेर बर्फ पडून गेलेला.
फाटकाशी त्या उजेडात तिचा उजवा डोळा
चक्क निळा झाला, पासपोर्टसारखा.
डावा पहाटेतच राहिला.
मोमं आधी तिच्या उजवीकडून चालत होता,
मग वळणाच्या जरा अलीकडे
थांबला, मागून फिरून
डावीकडे आला.

पुढचं मला दिसलं नाही, वळण आलं.
वहीत रंगाच्या रकान्यातला राखाडी मी खोडला
आणि लिहिलं: पावणेसहा.