उपयोगिता प्रमाणपत्र

भिवापूरहून पहिली एसटी सहा दहाला.
पिशवीत फाईल, फाईलवर डबा,
डब्यावर माझा हात.
तेल सांडलं तर पुन्हा ठराव,
पुन्हा कोरम, पुन्हा पंचफुलाबाईंचा अंगठा.

सिव्हिल लाइन्सला झाडं मोठी आहेत.
जिल्हा परिषदेच्या बाकावर
माझ्यासारख्याच पिशव्या बसलेल्या असतात:
कुहीकडची व्यायामशाळा,
पारशिवनीची स्मशानशेड,
आणि नरखेडचा एक पूल, ज्याला नाला सापडत नाही.

आमचं समाजभवन. मंजूर दहा लाख.
पहिला हप्ता तीन, त्यात जोतं झालं,
चाळीस फूट बाय पंचवीस,
डोमाजी मिस्त्रीनं दोरी ताणून, कोपऱ्यात लिंबू कापून.
मग दुसरा हप्ता म्हणाला,
पहिल्याचा उपयोग दाखवा.

टेकाडे साहेब मान वर करत नाहीत.
"भिंती नाहीत, छत नाही.
उपयोग कसा लिहू मी, ताई?"
हप्ता द्या, भिंती होतील.
"उपयोग दाखवा, हप्ता होईल."
तीन मार्च गेले असे.
जात्याला समोरासमोर बसलेल्या दोन बायांसारखे आम्ही,
आणि दाणा कुणाच्याच सुपात नाही.

आज मात्र लिहून आणलंय,
वहीच्या पानावर, लेकीच्या अक्षरात.

की पौषात तिथं मिरची वाळते, अख्ख्या गावाची,
आखलेलं काही नाही,
तरी कुणाची कुठवर हे बायांना पाठ आहे.
की रतिरामच्या पोरीची हळद तिथंच लागली,
डाग अजून आहे, या नि पाहा.
की भरतीची पोरं पहाटे धावतात,
जोत्याला चाळीस फेऱ्या नि वर थोडं
म्हणजे सोळाशे मीटर,
हे त्यांनीच मोजलं, एम.बी.त नाही.
की डोमाजी गेला तेव्हा
त्याला तिथंच निजवला होता,
बुटीबोरीहून लेक येईस्तोवर.
ऊन चढलं तसे आम्ही चौघं चौघं
चादर धरून उभे राहिलो.
छताचं म्हणाल तर
तेवढंच झालं आजवर.

साहेबांनी पान दोनदा वाचलं.
चष्मा काढला, पुसला, घातला.
"याला रकाना नाही," म्हणाले.
मग जरा हळू:
"फोटो आणा. अक्षांश-रेखांशासकट.
बांधकाम स्पष्ट दिसलं पाहिजे.
माणसं नकोत, सामान नको."

संध्याकाळी उतरले तशी जोत्यावर गेले.
उचला वो बायांनो, पाच मिनिटं!
"काहून जी?"
सरकारला रिकामं पाहायचं आहे.
हसल्या. पदरात, घमेल्यात, ताडपत्रीत
लाल लाल उचललं सगळं,
म्हाताऱ्यांना हाताला धरून खाली घेतलं,
शेवटी एक बकरी.

फोटो चांगला आला.
स्वच्छ सिमेंट, मागे पळस,
खाली आकड्यांची ओळ.

रात्री लेकीनं मोठा करून पाहिला.
आई, हे काय?

पूर्वेला, डोमाजीनं दाराची जागा म्हणून
दोन विटा उभ्या ठेवल्या होत्या,
त्यांच्या बाहेर
सात-आठ जोड चपला,
ओळीनं,
जशा रोज काढतात.