भिंतीला विकालीस

अण्णांच्या घशाचं ऑपरेशन झालं त्याला दोन वर्षं होतील.
त्याआधी सांगलीच्या मार्केट यार्डात
हळदीचा सौदा निघाला की भूपाल मगदूमांचा पुकारा
रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाड्यापर्यंत जायचा.
आता गळ्याशी एक भोक, त्यावर पांढरी पट्टी,
आणि हातात माझी शाळेतली पाटी.

मला मिरजेच्या दवाखान्यात बोलायचं होतं.
विषय : हात धुणे. स्लाइड एकोणचाळीस.
ऐकायला आया, वॉर्डबॉय,
आणि रात्रपाळी संपवून अडवून ठेवलेल्या सिस्टर.

रविवारी अण्णांना खुर्चीत बसवलं,
लॅपटॉप शिलाई मशीनवर ठेवून सुरू झाले.
सहाव्या स्लाइडला त्यांनी भुईमुगाच्या शेंगा पुढ्यात ओढल्या.
अकराव्याला शेंगा इतक्या मन लावून सोलत होते
की मला शेंगांचा हेवा वाटला.
थांबले. म्हटलं, काय चुकलं?
पाटीवर लिहिलं त्यांनी :
‘भिंतीला विकालीस.’

मी चिडले. विकायला ती काय हळद आहे?
जंतू आहेत, अण्णा. दिसत नाहीत ते.

त्यांनी तळहातानं पाटी पुसली.
खडू टेकवला.
आणि लिहीनातच.
मी पुढे वाकले.
आत दूध उतू चाललेलं, करपल्याचा वास आला,
तरी माझी नजर खडूच्या टोकावर.
मग खडू खाली ठेवून ते हसले, आवाजाशिवाय,
नुसते खांदे हलवून.

सौद्यात ‘एक वार, दोन वार’ म्हटल्यावर
ते असेच थांबायचे.
लहानपणी पोत्यांच्या थप्पीवर बसून मी बघितलंय,
भाव तिथंच चढायचा.

निघताना डब्याच्या पिशवीत त्यांनी पुडी टाकली.
राजापुरी, यंदाची, घरी दळलेली.
का, ते लिहिलं नाही.
वानलेसवाडीच्या थांब्यावर सुट्टे काढायला हात घातला
तर पुडी फुटलेली, उजवा पंजा मनगटापर्यंत पिवळा.
कंडक्टर म्हणाला, मॅडम, लग्न का?

मी हात धुतला नाही.

हॉलच्या दारात उभी राहिले.
नमस्कार नको, म्हटलं, हात द्या.
दस्तगीरनं लाजत दिला. सावक्कानं दोन्ही दिले.
कुणी माझ्या पंजाकडे बघितलंसुद्धा नाही,
सगळ्यांचं लक्ष पंख्याखालच्या खुर्चीकडे.

चार स्लाइड दाखवल्या. जांभया मोजल्या, नऊ.
मग प्रोजेक्टर बंद केला, दिवे लावले.
‘आता कुठं कुठं लागलंय बघा.’
आणि थांबले.

किती अवघड असतं ते, कुणी सांगत नाही.
जीभ टाळूला लावून धरली.
एक वार.
दोन वार.

दस्तगीरच्या कानाच्या पाळीला पिवळं.
सावक्काच्या पदराला, तिच्या डब्याच्या झाकणाला.
मेट्रनबाईंच्या हजेरीवहीच्या कोपऱ्याला.
उशिरा आलेली एक नवी सिस्टर,
तिला तर मी हात दिलाच नव्हता,
तिनं शेजारणीचं पेन मागून घेतलं होतं फक्त;
तिच्या खालच्या ओठाला.

सावक्का म्हणाली, ‘अगं बया.
ह्याच हातानं बाळांची दुपटी घडी करतो आम्ही.’

कुणी हसलं नाही.
मग सगळे एकदम बोलायला लागले,
माझ्याशी नाही, एकमेकांशी,
आणि नळाशी रांग लागली.
उरलेल्या पस्तीस स्लाइड कुणी मागितल्या नाहीत.
मेट्रनबाईंनी पडद्यावरच्या डागाबद्दल
मला स्वतंत्रपणे सुनावलं.

घरी आले तेव्हा अण्णा ओट्यावर.
पाटी तयारच होती : ‘भाव?’

मी त्यांच्या खांद्यावरचा रुमाल ओढला,
जुने व्यापारी टाकायचे तसा दोघांच्या हातांवर टाकला,
आणि आतून त्यांची बोटं दाबली.
किती, ते आमच्यात.