पोच

लुआर समुद्राला मिळते तिथे आमचा कारखाना.
नोंदींच्या खोलीच्या खिडकीतून
नदी कमी, गाळच जास्त दिसायचा.

विमान तयार झालं की मी चार प्रती काढी:
पांढरी कारखान्याला, पिवळी आरमाराला,
गुलाबी पोचवणाऱ्या वैमानिकाच्या खिशात,
आणि निळी,
जी पलीकडे सही होऊन परत यायची.
निळी आल्याखेरीज विमान गेलं असं धरायचं नाही,
मस्यू त्रेगुएर बजावायचे,
ते आभाळात दिसेनासं झालं असलं तरी.

सूर मारणारी विमानं होती ती.
पंख खांद्यापासून खाली उतरून
मध्यावर पुन्हा वर उचललेले,
कुणी बगळ्याला उलटं वाळत घातल्यासारखे.
आमच्याकडून निघताना तोफा नसत.
भोकांवर कॅनव्हास चिकटवलेला,
वर डिंकाचे ओघळ.

गुल्वेन ल हीर पाच वेळा घेऊन गेला.
डावा कान गेल्यापासून त्याला तुकडीत घेत नव्हते.
मी पोस्टमन, म्हणायचा,
फक्त पत्र माझ्याहून महाग.
दर खेपेला गेरांदच्या मिठागरातलं
करडं मीठ न्यायचा, दोन किलो, फडक्यात बांधून,
तिकडच्या आचाऱ्यासाठी.
आणि मी तेही लिहायची, चारही प्रतींवर.
कारण लिहिलं नाही तर ते गेलंच नाही.

मे महिना. हुकूम शनिवारी टाइप झालेला:
पिकार्दीच्या किनाऱ्यावर, वाळूतला तळ.
मंगळवारी सकाळी मी त्या तळाला फोन लावला.
वाजत राहिला.
आधीही वाजत राहायचा कधी कधी;
जेवायची वेळ असेल, मी म्हटलं,
साडेनऊ वाजता.

त्याने गुलाबी कागद घडी घालून ठेवला.
चाकं दुमडली गेली तेव्हा
मी हात केला की नाही, आठवत नाही.
शाई वाळायची होती.

जूनमध्ये ते आमच्याकडेही आले.
त्यांनी खिडकीची काच बदलून दिली.
मस्यू त्रेगुएर घरी बसले.
मी राहिले. नोंदी कुणीतरी करायलाच हव्यात,
असं त्यांचं म्हणणं,
आणि, खरं सांगते, माझंही.

सप्टेंबरात निळी प्रत आली.
सरकारी टपालाने, न चुरगळता.
गरुडाचा शिक्का, तारीख बावीस मे,
सुबक तिरकं अक्षर:
विमान एक, चालू स्थितीत.
पेट्रोल, पाव टाकी.
वैमानिक एक.
मीठ दोन किलो. मिळालं.

आमच्या भागात म्हणतात, खाल्ल्या मिठाला जागावं.
तो आचारी कुठे होता, कुणाच्या भांड्यात ते पडलं,
आणि ज्यांनी खाल्लं
ते कशाला जागले असतील, मी विचारत बसले
संध्याकाळपर्यंत.

मग दिव्याखाली पुन्हा वाचलं.
वैमानिक एक.
पुढचा रकाना, स्थिती, 
तिथे काही लिहिलेलं नव्हतं.
विमानासमोर लिहिलं होतं.

मी कागद फाइलीत लावला.
नियमाप्रमाणे आता ते गेलं होतं.
वहीत त्याच्या नावापुढे पोच असं लिहायला
टाक उचलला,
बुडवला,
थेंब गळून पडेपर्यंत तसाच धरून राहिले.

तो डाग अजून आहे त्या पानावर.
तिथे नदीच्या गाळासारखं काहीतरी दिसतं.