उंचीची नोंद

टोलीडोत, काचेच्या बंद कारखान्याच्या गोदामात
आमची लीग चालते.
चार संघ, एकच छप्पर.
पाहुणा संघ म्हणजे
जिन्याच्या पलीकडे झोपणारी पोरं.
दोन्हीकडच्या जर्स्या मीच धुते,
निळ्याचा रंग पांढऱ्याला लागतो म्हणून
रात्री दोनदा मशीन लावते.

पोरं सतराची, फार तर अठराची.
कॉलेजला बगल देऊन आलेली.
सही केली की पगार सुरू
आणि कॉलेजच्या संघाचं दार बंद,
हे मी प्रत्येक आईला फोनवर दोनदा सांगते.
एकदा नियम म्हणून,
एकदा मला झोप लागावी म्हणून.

पहिल्या पगारात एमेकाने
ह्यूस्टनला आईकडे फ्रीज पाठवला.
टव्हॅरिसने पाल विकत घेतली.
हो, पाल. पिवळी, ठिपक्यांची.
खोलीत प्राणी पाळू नयेत
हा नियम माझ्याच अक्षरात भिंतीवर आहे,
आणि दर गुरुवारी तिचे किडेही
मीच आणते.

सकाळी दहाला प्रुशिन्स्की बाई बीजगणित घेतात.
पावणेसात फुटांची पोरं
घडीच्या खुर्चीसारखी बाकात मिटून बसतात.
क्षची किंमत काय, बाई विचारतात.
मागून कुणीतरी म्हणतं,
एजंटला विचारून सांगतो.
बाईसुद्धा हसतात. मग पुन्हा विचारतात.

संध्याकाळी स्काउट येतात,
एकमेकांपासून चार खुर्च्या सोडून बसतात.
बास्केट पडली तरी टाळी नाही,
वहीत फक्त काहीतरी टिपलं जातं.
टाळ्या वाजवायला मी असते
आणि बॉयलरवाले गॅडसन,
तेही एका हातात पाना धरून.

जॉरेल मॅपचा गुडघा जानेवारीत गेला.
मार्चमध्ये वरून कागद आला:
करार पुढे चालू ठेवणार नाही.
असे कागद द्यायचे काम
माझ्या नेमणूकपत्रात कुठेच नाही,
पण चाव्या ज्याच्याकडे असतात
त्याच्याकडे सगळंच येतं.

तो कागद वाचतो, घडी करतो, पुन्हा उघडतो.
कॉलेजची फी लीग भरेल, मी सांगते,
हे खरंच लिहिलंय, बघ, तिसऱ्या पानावर.
मी अर्ज पुढे करते.
व्यवसाय या रकान्याशी पेन थांबतं.
मग तो लिहितो: निवृत्त.
आणि माझ्याकडे बघतो,
हसायचं की नाही ते मी ठरवावं म्हणून.

मला ठरवता आलं नाही.

सामानाच्या खोलीच्या दारावर
पेन्सिलीच्या रेघा आहेत,
माहितीपत्रकासाठी उंची मोजतो आम्ही, दर महिन्याला.
(माहितीपत्रकात दोन इंच वाढवून छापतो,
ते वेगळं.)
जाताना जॉरेल तिथे थांबला.
बॅग खाली ठेवली.
एकदा मोजा ना, म्हणाला.
मी म्हटलं, बूट काढ.

त्याने बूट काढले,
दुखरा पाय जपत, दाराला टाच लावून उभा राहिला.
मी स्टुलावर चढले,
डोक्यावर वही आडवी धरली.
डिसेंबरच्या रेघेच्या वर
बोटभर जागा होती.

किती, त्याने विचारलं,
मान न हलवता.