वीस पूर्णांक नऊ दशांश

नळीतून ओढून काढलेला कफ
नर्स एरवी फेकून देते.
मी तो बर्फात घालून आणते.
विद्यापीठ चौकातला सिग्नल, डबा मांडीवर,
रिक्षावाला विचारतो, मॅडम, आइस्क्रीम?
मी हो म्हणते.

डब्यावर लिहिलंय: बेबी ऑफ सुवार्ता.
सत्तावीस आठवडे. नऊशे दहा ग्रॅम.
दुधाच्या अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या
हिच्याहून जड भरतील.
नाव अजून ठेवलेलं नाही.
आमच्या फ्रीजरच्या यादीत मात्र नोंद झाली:
श्वासनलिका, सात, मुलगी.

पाषाणला आमची प्रयोगशाळा.
प्लेटमध्ये चोवीस खळगे, त्यांना वेल म्हणायचं.
मी मनात विहिरी म्हणते.
प्रत्येकीत एक जाळी,
जाळीखाली गुलाबी पाणी, वर नुसती हवा,
आणि मधोमध पेशींचा थर, सायीहून पातळ.
दिवसाआड पाणी बदलायचं.
रविवारी. गणपतीत.
भिडे पूल पाण्याखाली गेला तर
लांबून वळसा घालून.

एकविसाव्या दिवशी त्यांना लव फुटली.
भिंगाखाली पाहिलं तर
शाळेच्या मैदानावरचं लेझीम:
सगळ्या एका अंगाला झुकतात, एकदम परततात,
कोपऱ्यातली एखादी चुकते
आणि शेजारणीकडे बघून ताल धरते.
आत आलेली घाण वर लोटायची,
एवढंच काम. जन्मभर.

मग भोसरीहून सिलिंडर आला,
काळा, पांढऱ्या खांद्याचा.
मराठीत ह्या वायूच्या नावातच प्राण आहे.
खरं-खोटं लोखंडाला विचारा,
किंवा चिरून ठेवलेल्या सफरचंदाला.
पोटात होती तोवर तिला त्यातलं
तीन-चार टक्क्यांएवढं पोचायचं,
तेवढ्या अंधारात ती नीट वाढत होती.
आपली साधी हवा, वीस पूर्णांक नऊ दशांश,
तीसुद्धा तिला भर दुपारचं ऊन.
आणि वॉर्डात श्वास पुरेना म्हणून
चाळीस. सत्तर. एका रात्री पंच्याण्णव.
डॉक्टरांचं चुकलं नव्हतं.
त्या रात्री द्यायला दुसरं काही नव्हतं.

बारा विहिरी पेटीत ठेवल्या, काटा पंच्याण्णववर.
बारा बाहेर.
दोन दिवसांनी पेटीतलं लेझीम बंद.
काही पेशी फुगलेल्या, काही जाळीवरून सुटलेल्या,
वर दाट कफ,
लोटायला कुणी नाही.
मी आकडे लिहिले.
अक्षर चांगलं आलं त्या दिवशी, का कोण जाणे.

अकरा महिन्यांनी सुवार्ता तपासणीला आली,
लेक कडेवर. नाव आता होतं, शालोमी.
चुलीत घातलेल्या ओल्या फाट्यासारखी
तिची छाती वाजत होती.
सही केलेला कागद आईच्या लक्षात होता.
“तुमच्याकडे ठेवलंय ते बघू का?”
नियमात बसत नव्हतं.
गोठवलेल्यातून उठवलेली एक प्लेट होती, दाखवली.
एक डोळा मिटायला तिला जमेना,
मग तिनं तो तळहातानं झाकला.
बराच वेळ काही बोलली नाही.
“रात्रीच्या झोपतात का ह्या?”
नाही, म्हटलं.
“हीपण नाही,”
आणि लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

आता प्रयोगाचा पुढचा भाग:
पेटीतून काढून साध्या हवेत ठेवायचं,
सावरतात का बघायचं.
आज पाचवा दिवस, रात्रीचे पावणेदोन.
सातव्या विहिरीत, अगदी काठाला,
लव हलल्यासारखं वाटलं.
‘वाटलं’ लिहायला वहीत रकाना नाही.
मी पुन्हा काटा पाहते. वीस पूर्णांक नऊ.
खाली गेटपाशी वॉचमन
जुन्या स्कूटरला किक मारतोय.
लागत नाही.
थांबतो, पुन्हा मारतो.