तपकिरी तार

थिमयो आला तेव्हा कोर्चाच्या आमच्या गल्लीत बर्फाचा चिखल झाला होता.
इंजिन चालूच ठेवलं त्यानं. बंद केलं तर
रुसते माझ्यावर, म्हणाला.
चाळिशी ओलांडलेली डिझेल मर्सिडीज, सायीच्या रंगाची,
पहिला जन्म श्टुटगार्टला, टॅक्सीचा.

"टाकीचा काटा बघ, झानेता.
दिवसा अर्धी, दिवे लावले की काठोकाठ.
रात्री कोण येऊन भरून जातं?"

मी हसले नाही.
त्याच काठोकाठ टाकीच्या भरवशावर
गेल्या गुरुवारी बार्मशच्या खिंडीत तो अडकला होता,
गाडीत दोन म्हाताऱ्या आणि एक कोकरू,
पहाटेपर्यंत.
पंपात हवा शिरली की डिझेल सहजी माफ करत नाही.
कुणीतरी कॅन घेऊन यावं,
मग नट सैल करून हातपंप दाबत बसावं,
बोटं आपली वाटेनाशी होईस्तोवर.

माझ्याआधी तिघांनी हात लावला होता.
एकानं काटा बदलला.
एकानं टाकीतला तरंगता गोळा.
तिसऱ्यानं दोन्ही पुन्हा बदलले, पैसे घेतले,
आणि गाडी म्हातारी झालीय, असं निदान केलं.
ते काय, कुणालाही लागू पडतं.

मी उजवीकडे वळायचा दिवा लावला.
टिक. टिक.
टाकीचा काटा त्या ठेक्यावर मान हलवू लागला,
शेजारी तापमानाचाही.
दोघं एका सुरात खोटं बोलत असतील
तर खोटं त्यांचं नसतं.
दोघांचं उठणंबसणं कुणाकडे, ते बघावं.

तिसरा मात्र ढिम्म.
तेलाच्या दाबाचा. त्याला विजेशी देणंघेणं नाही,
बारीक नळीतून खुद्द तेलच चढतं त्याच्यापर्यंत.
"हा कसला?" थिमयोनं विचारलं.
अकरा वर्षं चालवतोय गाडी.

कडेनं बोटं घालून पॅनेल ओढलं,
कुरकुरत आलं बाहेर.
मागे तारा, एकेकाळच्या जर्मन शिस्तीच्या,
वर आमच्याकडच्या चिकटपट्टीचे तीन थर,
तीन मेकॅनिकांचे.
मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋणाला,
दुसरं तपकिरी तारेला.
सव्वातीन.
"सव्वातीन म्हणजे चांगलं?"
"शून्य चांगलं, थिमयो. इथं शून्यच चांगलं."

तारेमागून बोटानं चालत गेले.
पुढच्या काचेच्या रबरातून झिरपलेलं पाणी
नेमकं एका बोल्टावर ठिबकत होतं, किती हिवाळे कोण जाणे.
शिळ्या चीजवर धरावी तशी हिरवट बुरशी.
अर्थ सुटला होता.
वीज येत होती, दिवे लागत होते,
सगळं जागच्या जागी होतं,
फक्त आलेल्याला परतायला वाट नव्हती.
मग ती शेजाऱ्याच्या अंगणातून जायची,
जाता जाता काट्यांना धक्का देत.
अर्थ लागत नाही म्हणजे काय,
ते मला त्या बोल्टाशी ओणवं होऊन कळलं,
तोंडात टॉर्च धरून.

पॉलिश पेपर, धातू उघडा पडेपर्यंत.
बोल्ट. वर व्हॅसलीन.
वीस मिनिटं, त्यातली पाच बोटं शेकण्यात.

दिवे लावले. काटा हलला नाही.
वळायचा दिवा. नाही हलला.
राखीवच्या खुणेपासून केसभर वर, उभा.
थिमयो बघत राहिला.
"एवढंच आहे?"
"एवढंच होतं."
"काल रात्री भरलेली होती,"
म्हणाला तो, माझ्याकडे संशयानं बघत.

पैसे दिले. वर ओलिम्बीनं पाठवलेली
कोवळ्या अक्रोडांच्या मुरंब्याची बरणी,
झाकण इतकं घट्ट की पान्याचा विचार मनात आला.

निघाला. कोपऱ्यावर थांबला,
आणि मागच्या काचेतून मला दिसलं:
नखानं काट्याची काच ठोकतोय,
एकदा, पुन्हा एकदा,
खरं सांग म्हणून.

पंप डावीकडे आहे.
टिक, टिक,
तो उजवीकडे वळला.